फोन आपलं ऐकतो का, आणि मुलीची बारावी झाली की एवढे कॉल येतात कुठून? जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाचं उत्तर

भुसावळच्या भाऊंनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाचं उत्तर चाललंय. त्यांची मुलगी बारावी सायन्सला होती, सीईटी दिली, आणि तेव्हापासून पुणे, नाशिक, इंदूर, बंगलोर, कुठून कुठून कॉलेजवाल्यांचे फोन चालू झालेत. समोरचा माणूस मुलीचं पूर्ण नाव घेतो, कुठली शाखा पाहिजे ते त्याला माहीत असतं, एकाने तर "तुमचे मिस्टर शेती करतात ना, मग आमच्याकडे स्कॉलरशिप आहे" असं वहिनींना सांगितलं. त्यातच घरात वॉशिंग मशीन घ्यायचं बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी फेसबुकवर वॉशिंग मशीनच वॉशिंग मशीन. म्हणून त्यांचे तीन प्रश्न आहेत. फोन आपलं बोलणं ऐकतो का, आपली माहिती नेमकं कोण विकतं, आणि सरळ नंबरच बदलून टाकू का. शेवटी लिहिलंय, "आते काय करो भो?"

मी जळगावात बऱ्याच वर्षांपासून दुकानं, ज्वेलर्स, क्लासेस, टू-व्हीलर शोरूम यांच्या फेसबुक-गूगलवरच्या जाहिराती चालवतो. म्हणजे तुम्ही ज्यांना शिव्या देताय त्यांच्यातलाच एक, त्यामुळे हे आतून सांगतोय असं समजा.

भाऊ, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र केलीत, आणि जवळजवळ सगळेच करतात. जाहिरात मागे लागते हे एक, आणि जिवंत माणूस नाव घेऊन फोन करतो हे दुसरं. पहिल्यात जाहिरात देणाऱ्याला तुमचं नाव-गाव काही माहीत नसतं, त्याला फक्त "या मोबाईलवाल्याने वॉशिंग मशीन बघितलं" एवढ्याशी मतलब. दुसऱ्यात कुकी (वेबसाईट तुमच्या ब्राऊझरमध्ये ठेवते ती ओळखीची खूण), ट्रॅकिंग वगैरे काहीच लागत नाही, एक एक्सेल शीट लागते आणि फोन करायला एक पोरगी बसवलेली लागते. पहिलं सेटिंग बदलून बऱ्यापैकी आवरतं, दुसऱ्याला फोनमध्ये सेटिंगच नाही. लोक कॉल थांबावेत म्हणून ब्राऊझरची हिस्ट्री पुसत बसतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही, तर पडणारच नाही ना.

आधी ऐकण्याचं बघू, कारण हा प्रश्न मला लग्नात जेवायच्या पंगतीतसुद्धा विचारतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली होती. कोणतं ॲप गुपचूप माईक चालू करून बोलणं पाठवतंय असं त्यांना सापडलं नाही, पण काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं रेकॉर्डिंग किंवा स्क्रीनशॉट तिसऱ्या कंपनीला पाठवताना मात्र सापडली. मला स्वतःला माईकची भीती वाटत नाही त्याचं कारण सोपं आहे, आम्हाला त्याची गरजच पडत नाही. करोडो लोकांच्या चोवीस तास गप्पा रेकॉर्ड करा, त्यातलं अहिराणी, मराठी, हिंदी मिक्स समजून घ्या, एवढं करण्यापेक्षा तुम्ही बोटाने जे करता ते कितीतरी स्वस्त आणि पक्कं असतं. तरी खात्री करायची असेल तर अँड्रॉइड १२ पासून पुढे माईक चालू झाला की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, आयफोनला नारिंगी येतो, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला की गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने माईक, कॅमेरा, लोकेशन वापरलं ते वेळेसकट दिसतं. मेसेजच्या ॲपने माईक वापरला तर ठीक, टॉर्चच्या ॲपने वापरला तर ते काढून टाका.

मग वॉशिंग मशीन आलं कुठून? माझा अंदाज सांगतो. घरातल्या कुणीतरी, बहुतेक वहिनींनी किंवा मुलीने, बोलणं व्हायच्या आधी किंवा नंतर किमती बघितल्या. घरातले सगळे फोन एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ते एकाच आयपी ॲड्रेसवरून येताना दिसतात, त्यामुळे एका फोनवर बघितलेलं दुसऱ्या फोनवर निघू शकतं. शिवाय उलटंही असतं बरं का, जाहिरात आधी दिसून गेलेली असते, डोळ्याखालून गेली म्हणून लक्षात नसते, आणि घरात विषय निघतो तो त्यामुळेच.

दुकानाच्या वेबसाईटवर आम्ही फेसबुकच्या कोडचा एक छोटा तुकडा टाकतो, त्याला पिक्सेल म्हणतात. तुम्ही मशीनचं पान उघडलं, खाली स्क्रोल केलं, ईएमआय किती बसतो ते दाबून बघितलं, कार्टमध्ये टाकून सोडून दिलं, प्रत्येक वेळी एक निरोप फेसबुकला जातो. मग मी माझ्या स्क्रीनवर टिक करतो, "ज्यांनी कार्टमध्ये टाकलं पण घेतलं नाही, गेल्या १४ दिवसांतले, भुसावळच्या आजूबाजूला २५ किलोमीटर". मला यादी दिसत नाही, तुमचं नाव दिसत नाही, फक्त अंदाजे किती लोक आहेत एवढा आकडा दिसतो. पण ती जाहिरात बरोबर तुमच्यापर्यंत येते. बाकी वेबसाईट आणि ॲपवर जाहिरातीची रिकामी जागा असते तिचा तर लिलाव होतो, तुमचं पान उघडेपर्यंत, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि त्या लिलावात भाग घेणाऱ्या कितीतरी कंपन्यांकडे तुमच्या फोनचा आयडी, अंदाजे ठिकाण, कोणतं पान उघडलंय ही माहिती जाते, लिलाव जिंको ना जिंको. ट्रॅकिंगमधला खरा पाझर इथे आहे, कारण हरणाऱ्याने ती माहिती खरंच टाकून दिली की साठवली ते बघायला कोण जातंय.

हे आवरायला काय करायचं ते सांगतो, अर्धा तास लागतो. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती म्हणजे ॲड्स, तिथे जाहिरात आयडी हटवायचा पर्याय आहे, तो हटवा. आयफोनवर २०२१ पासून प्रत्येक ॲप ट्रॅक करू का म्हणून विचारतं, तिथे नाही म्हणा. क्रोम वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या वेबसाईटच्या नाही तर दुसऱ्याच कंपनीच्या, स्वतः बंद करा, कारण गूगलने २०२० मध्ये आम्ही त्या बंद करणार म्हणून जाहीर केलं होतं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी तो बेत गुंडाळला. सफारी आणि फायरफॉक्स या बाबतीत आधीपासूनच कडक आहेत. लोकेशन "ॲप वापरताना फक्त" एवढंच ठेवा, आणि हवामानाच्या ॲपला अंदाजे ठिकाण पुरतं, गल्ली नंबर कशाला लागतो.

आणि एक गोष्ट नक्की करा, नुसती बघायला तरी. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये "मेटाच्या बाहेरची तुमची ॲक्टिव्हिटी" अशा अर्थाचं एक पान आहे, मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी. तिथे कोणत्या वेबसाईटने, कोणत्या ॲपने, कोणत्या दुकानाने तुमच्याबद्दल फेसबुकला काय काय कळवलं त्याची यादी असते. मी माझ्या ग्राहकांना, म्हणजे दुकानदारांना, त्यांची स्वतःची यादी उघडून दाखवतो तेव्हा तेच गप्प होतात. औषधाचं ॲप, लोनचं ॲप, बसचं तिकीट, सगळं त्यात निघतं. तिथून ती जुनी माहिती आपल्या अकाउंटपासून तोडता येते आणि पुढची जोडणीही बंद करता येते. एवढं केल्यावर जाहिराती कमी होतील असं समजू नका, तेवढ्याच दिसतील, फक्त नेम चुकायला लागेल. ब्राऊझरच्या इन्कॉग्निटोवर, म्हणजे खाजगी विंडोवर, विसंबून राहू नका, त्याने तुमच्या फोनमध्ये हिस्ट्री राहत नाही एवढंच, वेबसाईटला तुम्ही दिसताच. त्याच विषयावरच्या अमेरिकेतल्या खटल्यात २०२४ मध्ये गूगलने इन्कॉग्निटोतला जमा झालेला प्रचंड डेटा नष्ट करायचं मान्य केलं, यावरून काय ते समजा.

आता कॉलकडे येतो. भाऊ, तुमचं खरं दुखणं हेच आहे आणि यात गूगल-फेसबुकचा दोष कमी आणि आपल्या गावातल्या काउंटरचा जास्त.

दरवर्षी निकालाच्या आसपास मला व्हॉट्सॲपवर शीट विकणाऱ्यांचे मेसेज येतात. "जळगाव-धुळे-नंदुरबार, बारावी सायन्स, फ्रेश डेटा, सॅम्पल फ्री". मी घेत नाही, आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही, निम्मे नंबर मेलेले असतात, एकच नाव तीनदा असतं, आणि ज्या घरी आधीच वीस फोन येऊन गेलेत तिथे एकविसावा करून शिव्याच मिळतात. पण सॅम्पल म्हणून जी पहिली पंचवीस-तीस नावं पाठवतात ती मी बघितलीयत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, मोबाईल, दुसरा मोबाईल, तालुका, बोर्ड, ग्रुप, अपेक्षित मार्क. इथपर्यंत ठीक. शेवटचा कॉलम मात्र वाचण्यासारखा असतो, रिमार्क. "फादर फार्मर, हॉस्टेल पाहिजे." "मामा पुण्यात, तिकडेच पाठवतील." "आई उचलते, वडिलांना संध्याकाळी सातनंतर करा." "फी जास्त वाटली, स्कॉलरशिप सांगितली तर ऐकतील."

हे रिमार्क कुठल्या हॅकरने लिहिलेले नाहीत भाऊ. हे घरच्यांनी स्वतः सांगितलेलं असतं, कुठल्यातरी स्टॉलवर नाहीतर कुठल्यातरी फोनवर. पहिला फोन आला, तुम्ही सभ्य माणूस, तुम्ही म्हणालात, "नाही हो, आम्हाला कॉम्प्युटरच पाहिजे, आणि पुण्यालाच पाठवायचंय, शेतकरी माणूस आहे, फीचं बघावं लागतं." फोन ठेवल्याबरोबर समोरच्या पोरीने ते टाईप केलं, आणि तुमची ओळ महाग झाली. रावेर-सावद्याकडे केळीच्या घडाची जशी प्रतवारी होते तशी इथे नावांची होते, नुसता नंबर हलक्या भावात, आणि ज्याच्यापुढे गरज, ऐपत आणि वेळ लिहिलीय तो निर्यातीचा माल. तुमच्या केसमध्ये "शेती करतात ना" हे त्याला ठाऊक होतं म्हणजे तुमची ओळ किमान एका बोलणाऱ्या माणसाच्या हातून गेलीय. वहिनींना विचारून बघा सुरुवातीच्या एखाद्या फोनवर सविस्तर बोलणं झालं होतं का.

पहिल्यांदा नंबर निघतो कुठून? शैक्षणिक मेळाव्यात पिशवी आणि पेन फुकट मिळतं त्या टेबलावरचं रजिस्टर. शाळेत येऊन घेतलेली फुकटची सराव परीक्षा, जिचा निकाल "पालकांच्या मोबाईलवर" येणार असतो. क्लासमध्ये नुसती चौकशी केली तरी भरायला लावतात तो फॉर्म. आणि सगळ्यात जास्त, "तुमच्या पर्सेंटाईलला कोणतं कॉलेज मिळेल ते बघा" अशा वेबसाईट. तिथे पर्सेंटाईल टाकली, कॅटेगरी टाकली, जिल्हा टाकला, आणि शेवटी म्हणतं निकाल बघायला मोबाईल नंबर आणि ओटीपी टाका. ओटीपी टाकला की झालं, आता तो नंबर खरा आहे, चालू आहे, आणि मुलगी कोणत्या कॉलेजच्या लायकीची आहे हेसुद्धा लिहून मिळालं. त्या बटणाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, मी डीएनडीवर (जाहिरातीचे कॉल नकोत म्हणून केलेली नोंदणी) असलो तरी मला कॉल, मेसेज, व्हॉट्सॲप करायला परवानगी देतो, आणि आमच्या पार्टनर्सनाही. हे पार्टनर कोण ते कुठेच लिहिलेलं नसतं. चौकोनात टिक आधीच मारून ठेवलेली असते, ती काढून पुढे जाता येतं का ते बघत जा, बऱ्याच ठिकाणी जातं.

बोर्डानेच यादी विकली, परीक्षावाल्यांनीच विकली असं प्रत्येक पालक म्हणतो. त्याचा पुरावा मला कधी दिसला नाही, आणि वरचं सगळं बघितलं तर त्याची गरजही वाटत नाही.

आपल्याकडचा अजून एक प्रकार सांगायलाच पाहिजे, लग्नाचा बायोडाटा. खान्देशात वधू-वर परिचय मेळावे जोरात असतात, पुस्तिका छापतात ते ठीकच, समाजाचं काम आहे. पण आता त्याच पुस्तिकेची पीडीएफ ग्रुपवर फिरते, त्यात मुला-मुलीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं नाव, मामाचं गाव, पगार, शेती किती, घरचा पत्ता आणि दोन मोबाईल नंबर. बँकेतून बोलतोय म्हणून खोटा फोन करणाऱ्याला एवढं मिळालं की तो तुमची जन्मतारीख आणि आईचं नाव तुम्हालाच सांगून विश्वास मिळवतो. पीडीएफमध्ये जन्मवर्ष आणि एकच नंबर टाका, बाकी पसंती जुळली की समोरासमोर द्या. पत्रिका बघायची असेल तर जन्मवेळ लागते हे मान्य, पण ती मागणाऱ्याला द्या, चारशे लोकांच्या ग्रुपला नाही.

दुकानातल्या काउंटरचं पण बघा. बिल करताना "सर मोबाईल नंबर" म्हणतात आणि आपण पटकन सांगतो, मागे उभी असलेली चार माणसंही ऐकतात. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की बिल द्यायला नंबरची सक्ती करू नका. नाही म्हटलं तर बिल द्यावंच लागतं. तो नंबर पुढे कुठे जातो? कधी कधी माझ्याकडे. दुकानदार बिलिंग सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची शीट काढून देतो, मी ती फेसबुकला चढवतो, चढवताना नंबराचं रूपांतर होऊन तो सरळ वाचता येत नाही असा होतो, पण फेसबुककडे तुमच्या नंबराचं तेच रूपांतर असतं, ते जुळतं आणि त्या दुकानाच्या जाहिराती तुम्हाला दिसतात. वर "यांच्यासारखेच अजून लोक शोध" असंही सांगता येतं. हे विकणं नाही, बेकायदेशीर आहे असंही आज सरसकट म्हणता येणार नाही, पण ग्राहकाला याची कल्पना नसते हे खरं. सुरुवातीला मी दोन दुखणी वेगळी आहेत म्हटलं, ती जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. म्हणून जपायचं असेल तर सगळ्यात आधी तो जपा, कुकी नंतर.

आता नंबर बदलण्याचं. माझ्या मते बदलू नका. तुमचा नंबर आधारला, बँकेला, सातबाऱ्याच्या कामाला, गॅसला, पीएम किसानला, मुलीच्या प्रवेशाला जोडलेला असणार. बदलला तर हे सगळं बदलत बसाल आणि एखादं राहून जाईल. सोडलेला नंबर कायमचा मरत नाही, किमान ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्याला देते, आणि राहून गेलेल्या खात्याचा ओटीपी मग त्या दुसऱ्याला जातो. उलट तुम्हाला जो "नवा" नंबर मिळेल तोही कुणाचातरी जुना असू शकतो, आणि त्या माणसाने लोन बुडवलं असेल तर वसुलीवाले तुम्हाला छळतील.

त्यापेक्षा घरात एक दुसरं सिम घ्या, साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका, आणि फॉर्म, मेळावा, चौकशी, लकी ड्रॉ, शोरूमची टेस्ट ड्राईव्ह, सगळीकडे तोच द्या. पण त्याला कोणतंही खातं जोडायचं नाही, अगदी ईमेलसुद्धा नाही, म्हणजे रिचार्ज संपून तो गेला तरी काही बिघडत नाही. यूपीआयचा आयडी बऱ्याच जणांचा मोबाईल नंबरच असतो, ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला आयडी करून घ्या, नाहीतर भाजीवाल्यापासून पंपापर्यंत सगळ्यांना तुम्ही नंबर वाटताय.

माहिती कुठून फुटली ते शोधायची हौस असेल तर अजून एक करता येतं. प्रत्येक ठिकाणी नाव थोडं वेगळं लिहायचं. एका क्लासला मुलीचं नाव आणि वडिलांचं आद्याक्षर, मेळाव्यात आईचं आद्याक्षर, वेबसाईटवर नुसतं लाडाचं नाव. जीमेलमध्ये ॲटच्या आधी प्लसचं चिन्ह टाकून काहीही लिहिता येतं, मेल तुमच्याच खात्यात येतो. मग कॉल आला आणि समोरच्याने लाडाचं नाव घेतलं की लगेच कळतं कुठून आला. हे फक्त अशा फॉर्मला करायचं, प्रवेशाच्या आणि सरकारी फॉर्मला नाव कागदपत्राप्रमाणेच.

डीएनडीचं काय, असं विचाराल. लावाच, १९०९ वर होतं, पण अपेक्षा बेताची ठेवा. नियम पाळणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना ते अडवतं, त्यांचे जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, आणि बँक वगैरेंच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. तुम्हाला त्रास देणारा साध्या दहा आकडी नंबरवरून करतो, तो डीएनडीला जुमानत नाही, त्याची तक्रारच करावी लागते. टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायच्या डीएनडी ॲपवरून ती दोन मिनिटांत होते आणि आता कॉल आल्यापासून सात दिवसांपर्यंत करता येते. २०२५ च्या बदलानंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी अशा नंबरवर कारवाई सुरू होते, म्हणजे एकट्याच्या तक्रारीने काय होणार असं म्हणू नका, तुमची पाचवी असू शकते. फसवणुकीचा वास आला तर संचार साथी या सरकारी वेबसाईटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे कळवा, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

कायद्याबद्दल खूप जण विचारतात म्हणून थोडं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास. त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे १८ च्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार, आणि त्यांचा माग काढून त्यांना नेम धरून जाहिरात दाखवायला बंदी असणार. बारावीची कितीतरी मुलं सतराच वर्षांची असतात, त्यामुळे हा शीटचा धंदा सरळ त्यात सापडतो. पण जी माहिती तुम्ही स्वतः जगजाहीर केलीय तिला हा कायदा लागू नाही, म्हणजे मुलीचा निकाल नाव-गाव-नंबरासकट फेसबुकवर टाकला तर तिथे कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. लोनच्या ॲपसाठी मात्र रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहेच, त्यांना तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉग बघता येत नाहीत. एखादं लोन ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर ते तिथेच काढून टाका, त्यात तुमचे एकट्याचे नाही, तुमच्या व्याही-पाहुण्यांचे सगळ्यांचे नंबर जातात.

हे सगळ्यांना सारखंच लागू होत नाही हे पण सांगतो. तुमचं दुकान असेल, नंबर बोर्डावर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगवलेला असेल, तर तो लपवण्यात अर्थ नाही, बँकेचा नंबर तेवढा वेगळा ठेवा. आणि ज्यांच्या घरी आत्ता प्रवेशप्रक्रिया चालू आहे त्यांनी "अनोळखी सगळे ब्लॉक" असं करू नका. कॉलेजचा, हॉस्टेलचा, कागदपत्र तपासणाऱ्यांचा खरा फोनही अनोळखीच असतो. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असतं, पी असेल तर जाहिरात, जी असेल तर सरकारी, टी आणि एस म्हणजे व्यवहार आणि सेवेचे, त्यावरून पटकन कळतं कोणता उघडायचा.

झेरॉक्सच्या दुकानाचं राहिलंच. प्रवेशाच्या दिवसात सगळे जण दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, टीसी, जातीचा दाखला पाठवतात आणि प्रिंट घेऊन निघून जातात. त्या कॉम्प्युटरवर डाऊनलोडचं फोल्डर एकदा बघा, अख्ख्या तालुक्याचे आधार कार्ड तिथे पडलेले असतात. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याला पुसायला वेळ नसतो. समोर उभं राहून "दादा, डिलीट करा, रिसायकल बिनमधून पण" असं म्हणायला लाजू नका. आणि जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून उतरतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तर भाऊ, आजपासून कॉल आला की एवढंच करा. कॉम्प्युटर की मेकॅनिकल, पुणे की नाशिक, शेती की नोकरी, कशाचंच उत्तर द्यायचं नाही, "नको" सुद्धा कारणासकट सांगायचं नाही. फक्त विचारायचं, "माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?" आणि गप्प राहायचं. बहुतेक जण तिथेच ठेवतात. एखादा नाव सांगतो, ते वहीत लिहून ठेवा. घरात सगळ्यांना हे सांगा, खास करून आजी-आजोबांना, कारण ते प्रेमाने सगळं सांगतात आणि वर चहाला बोलावतात. शीटवर तुमच्यापुढे "नो रिस्पॉन्स" लागलं की भाव उतरतो, दोन-तीन महिन्यांत कॉल आपोआप कमी होतात, तसेही प्रवेश संपल्यावर तुमची ओळ त्यांच्या कामाची राहत नाही.

आणि मुलीला कुठे लागेल ते बघायला कुठल्याच वेबसाईटला नंबर द्यायची गरज नाही. सीईटी सेलच्या वेबसाईटवर मागच्या वर्षीच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, कटऑफ कॉलेजवार, कॅटेगरीवार पीडीएफमध्ये पडलेले आहेत, लॉगिन नाही, ओटीपी नाही. तिची पर्सेंटाईल, कॅटेगरी आणि कोणती शाखा पाहिजे एवढं घेऊन बसा, एका संध्याकाळी यादी तयार होते. पीडीएफमधली ती कॅटेगरीची छोटी अक्षरं समजली नाहीत तर त्या पानाचा फोटो इथे टाका, मुलीचं नाव-नंबर न दिसता, मी किंवा दुसरं कुणी सांगेल.